विश्लेषण : मदतनिधीसाठी सायकलवर सातारा ते सांगली, पुढे पंढरपूर, तयारी काय हवी?

पाऊस उघडला की सातारा, कराड, सांगली, मिरजेतील सायकल ग्रुपवर हिवाळी राइडचे बेत सुरू होतात. अलीकडे अशा राइडना बहुतेक वेळा एखादे कारणही जोडलेले असते. कुठे शाळेच्या ग्रंथालयासाठी, कुठे कुणाच्या उपचारांसाठी, कुठे पूरग्रस्तांसाठी निधी उभा करायचा असतो. मात्र रोज सकाळी २० किमी सायकल चालवणे आणि लागोपाठ दोन दिवस सव्वाशे-दीडशे किमी चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निधीसाठी निघालेल्याच्या उपचारांसाठीच निधी गोळा करायची वेळ येऊ नये, म्हणून सायकल, शरीर, कौशल्य आणि हिशेब या चारही बाजूंची तयारी आधी करावी लागते. ती कशी करायची, याचा हा आढावा.

निधीसाठी सायकल, ही कल्पना कुठली?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० मध्ये ३६ जणांनी कर्करोग संशोधनासाठी निधी जमवायला 'पॅन-मास चॅलेंज' ही राइड सुरू केली. आज ती जगातील मोठ्या निधी-राइडपैकी एक मानली जाते. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ होता आणि आदिवासी भागातील नेत्रसेवेचा विषय त्यांनी या मोहिमेला जोडला होता. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी अवयवदानाच्या जागृतीसाठी गुजरातमधील कोटेश्वर ते अरुणाचलमधील किबिथू असा देशाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत प्रवास केला. नाशिक ते पंढरपूर सायकल वारीही अनेक वर्षे सुरू आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. रस्त्यावरचे दिवस थोडे असतात, त्यामागचे तयारीचे महिने जास्त असतात.

सातारा-सांगलीकरांसाठी सोयीचा मार्ग कोणता?

पहिल्यांदाच मोठी राइड करणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा मार्ग सोयीचा आहे. पहिला दिवस सातारा, कराड, पेठ नाका, इस्लामपूर (ईश्वरपूर), आष्टा, सांगली असा सुमारे १२० किमीचा. दुसरा दिवस सांगली, मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर असा सुमारे १३५ ते १४० किमीचा. वाटेत मोठा घाट नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि सांगली सुमारे ५५० मीटरवर असल्याने पहिल्या दिवशी एकूण उतारच मिळतो.

म्हणून मार्ग सोपा, असे मात्र नाही. पहिल्या टप्प्यात राष्ट्रीय महामार्गावरील जड वाहने आहेत. सातारा-कराड-कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते बदलत राहिले आहेत, त्यामुळे राइडच्या आठवड्यात कुणीतरी दुचाकीवरून मार्ग पाहून यावा. दुसऱ्या दिवशी अडचण वाऱ्याची असते. कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो आणि पंढरपूर सांगलीच्या ईशान्येलाच आहे. म्हणजे थकलेल्या पायांनी, समोरच्या वाऱ्यात, सावली नसलेल्या माळावरून जायचे असते.

राइडचा मोसम आणि उसाचा मोसम एकच, मग काय करावे?

सायकलसाठी सर्वांत चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमके त्याच महिन्यांत साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. कराडजवळ यशवंतनगर आणि रेठरे, इस्लामपूरजवळ साखराळे, पुढे सांगली, असे कारखाने याच पट्ट्यात आहेत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, रस्त्यावर पडलेल्या मोळ्या हे या भागातील हिवाळ्याचे नेहमीचे चित्र आहे. अंधारात ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल, तर ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

त्यामुळे या मार्गाचा पहिला नियम असा : अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचायचे. त्याचे गणित सोपे आहे. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य साधारण सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. ताशी २० किमी वेगाने १२० किमीला सहा तास लागतात. नाश्ता, चहा, पंक्चर, फोटो यांचे दोन तास धरले तर साडेसहाला निघालेला गट अडीचच्या सुमारास सांगलीत असतो. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे वेग १८ धरा. १४० किमीला पावणेआठ-आठ तास आणि थांबे दोन तास, म्हणजे पंढरपूरला साडेचार. हातात जेमतेम दीड तास उरतो. सकाळी 'अजून एक जण येतोय' म्हणून तासभर थांबलेला गट संध्याकाळी ती किंमत मोजतो.

ट्रॉली ओलांडताना मागून येणारी वाहने आरशात पाहावीत आणि हात दाखवूनच बाहेर यावे. ट्रॉलीच्या मागे चिकटून, तिचा आडोसा घेत सायकल चालवणे कटाक्षाने टाळावे. एक ऊस निसटून खाली आला तरी पुढचे चाक अडते.

नवी सायकल घ्यावीच लागते का?

नाही. गिअर असलेली, ब्रेक चांगले असलेली आणि मापाची हायब्रिड किंवा रोड सायकल पुरते. जाड खाचांच्या टायरची एमटीबी असेल तर टायर बदलून गुळगुळीत टायर लावले तरी मोठा फरक पडतो. महाग सायकल चुकीच्या मापाची असण्यापेक्षा साधी सायकल बरोबर मापाची असणे केव्हाही चांगले.

माप कसे पाहायचे? सीटवर बसून पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्याला हलका बाक राहतो. आणखी नेमके हवे असेल तर पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर, सेंटीमीटरमध्ये मोजून ०.८८३ ने गुणा. हे अंतर ८० सेंमी असेल तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे ७०.६ सेंमी उंची हवी.

टायर २८ ते ३२ मिमी रुंदीचे असावेत. हवा किती भरायची याची कमाल मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. तिथपर्यंत भरलीच पाहिजे असे नाही. खराब रस्त्यावर थोडी कमी हवा हाताला आणि पाठीला सुखाची असते. फार कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते.

निघण्याच्या दोन आठवडे आधी सायकल मेकॅनिककडून ब्रेक पॅड, केबल, चेन, स्पोक आणि चाकांचे बेअरिंग तपासून घ्यावे. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नये. नवी केबल थोडी ताणते आणि गिअर पुन्हा जुळवावे लागतात. ते सरावाच्या राइडमध्ये होऊ द्यावे.

सोबत काय घ्यावे?

* दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप
* अॅलन कीचा घडीचा संच, चेनची जोडकडी, थोडे चेन ऑइल, जुना फडका
* मागच्या गिअरचा हँगर : प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि वाटेत मिळत नाही
* डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट, हातमोजे, चष्मा, हँडलला आरसा
* पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट : दिवसाच्या राइडलाही
* पॅडची सायकलिंग शॉर्ट्स. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, शिवणीने कातडी सोलते
* पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसची पाकिटे, ओळखपत्र, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट व्हॉल्व्हची. अनेक रोड सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातील पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर दुचाकीच्या जाड व्हॉल्व्हला बसतो, प्रेस्टाला नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात असेल तर कवठेमहांकाळचे दुकानही कामी येते, नसेल तर हवा असूनही भरता येत नाही.

या भागात पंक्चरचे मुख्य कारण बाभळीचा काटा आणि सराटा. थांबताना सायकल रस्त्याकडेच्या गवतात उतरवू नये. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून हळुवार बोट फिरवून काटा शोधून काढावा. तो तसाच राहिला तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

सराव कधीपासून?

साधारण बारा आठवडे आधी. दसऱ्याला सुरुवात केली तर संक्रांतीच्या आसपासच्या राइडसाठी पुरेसा वेळ मिळतो.

* पहिले चार आठवडे : आठवड्यातून दोन-तीनदा २५-३० किमी, रविवारी ४० ते ६० किमी
* पाचवा ते आठवा : रविवारी ७० ते ९० किमी, पंधरा दिवसांतून एकदा घाट
* नववा ते अकरावा : शनिवार-रविवार सलग, आधी ८० आणि ६०, शेवटी १०० आणि ७० किमी
* बारावा : फक्त दोन-तीन हलक्या राइड आणि भरपूर झोप

आठवड्याचे एकूण अंतर एकदम दुप्पट करू नये. दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ ठीक असते. वेगाची चिंता नको. शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने चालवलेले तासच सहनशक्ती वाढवतात. तुलनेसाठी, लांब पल्ल्याच्या बीआरएम प्रकारात २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांब्यांसह ताशी १५ किमीपेक्षाही कमी वेग पुरतो.

सातारकरांना चढाची उणीव नाही. यवतेश्वर घाट, कास, सज्जनगड हाताशी आहेत. वाईहून पाचगणीचा पसरणी घाट सुमारे बारा किमीत साडेपाचशे मीटर उंची गाठतो. वाऱ्यातला सराव हवा असेल तर चाळकेवाडीच्या पठारावर जावे. सांगलीकरांना घरापाशी घाट नाही, पण दंडोबाच्या डोंगराकडे जाता येते आणि मिरजेच्या पूर्वेचा वारा चढासारखीच कसोटी घेतो.

कोणती कौशल्ये आधी शिकावीत?

गिअर : चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा. चढात ताण असताना बदलला तर चेन उतरते. पेडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरेल असा गिअर गुडघ्यांना सोपा जातो.

ब्रेक : दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. पसरणीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नये, रिम किंवा डिस्क तापते. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नाही. नजर चाकासमोर नव्हे, जिथे जायचे तिथे.

गटात चालवणे : एकामागे एक रांग, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक कधीही आडवे येऊ देऊ नये. पुढच्याने 'खड्डा', 'स्पीडब्रेकर', 'थांबतोय' असे ओरडून आणि हाताने दाखवून सांगावे. मागच्याने 'गाडी' म्हणून कळवावे. मोठा गट असेल तर सहा-आठ जणांच्या तुकड्या कराव्यात. म्हणजे ट्रकला ओलांडायला जागा राहते. प्रत्येक तुकडीत शेवटचा सायकलस्वार अनुभवी हवा, सर्वांत हळू चालणारा नव्हे.

पंक्चर : मागच्या चाकाची ट्यूब स्वतः बदलता आली पाहिजे. घरी तीनदा करून पाहिली की रस्त्यावर पंधरा मिनिटांत होते. गटात हे येणारा एकच जण असेल तर पूर्ण गट त्याच्यावर अवलंबून राहतो.

खायचे काय, प्यायचे किती?

भूक लागायच्या आधी खाणे आणि तहान लागेल तसे थोडे थोडे पिणे, हे सूत्र. दोन तासांपेक्षा मोठ्या राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. सांगलीचा बेदाणा तर जणू यासाठीच आहे : ३५-४० ग्रॅमची मूठभर पुडी म्हणजे तेवढीच कर्बोदके, खिशात मावते, उन्हात खराब होत नाही. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे हेही चालतात. खारे हवेसे वाटले की भडंग आहेच. सकाळी निघण्यापूर्वी पोहे किंवा उपमा पुरे. वाटेत मिसळ-वड्यावर ताव मारला तर पुढचे तीस किमी जड जातात.

पाणी साधारण तासाला ५०० ते ७५० मिली. उन्हात केवळ साधे पाणी भरमसाट पिणेही धोक्याचे असते. रक्तातील सोडियम कमी होऊन डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात. मोठे ओआरएस पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे. चवीसाठी अर्धेच पाणी घेऊ नये. नवीन जेल किंवा पावडर राइडच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नये.

शरीर काय सांगते?

गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा वर आहे. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहातावर दाब येतो आहे. हाताची पकड बदलत राहावी. जांघेत कातडी चोळली जात असेल तर आधीच व्हॅसलिन किंवा खोबरेल लावावे.

छातीत दुखणे, धाप न थांबणे, चक्कर, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर राइड तिथेच थांबवावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस व आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. मागे एक मदतवाहन असेल तर त्यात बसणे कमीपणाचे नाही, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे.

पैशांचे काय?

राइडचा खरा हेतू इथे आहे, आणि वादही बहुतेक इथेच होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा मदतीसाठी राज्यभरातून हात पुढे आले. अशा वेळी लोक विश्वासावर देतात. तो टिकवायचा तर काही गोष्टी आधी ठरायला हव्यात.

पैसे शक्यतो थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जावेत, सायकलस्वाराच्या खात्यात नव्हे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ क लागू होते. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, ती याच कलमाखाली. देणगीदाराला ८०जी सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता आहे का ते पाहावे. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही.

राइडचा खर्च, म्हणजे टी-शर्ट, जेवण, मुक्काम, मदतवाहनाचे इंधन, सहभागींनी स्वतः करावा किंवा त्यासाठी वेगळा प्रायोजक असावा. देणगीतून तो वळता करायचा असेल तर तसे आधीच स्पष्ट लिहावे. 'किलोमीटरमागे दहा रुपये' असे ठरवले असेल तर २६० किमीचे २,६०० रुपये होतात. पण सायकलस्वार २०० किमीवर थांबला तर काय, हेही आधीच ठरवावे. नाहीतर दुखऱ्या गुडघ्याने उरलेले साठ किमी रेटण्याचा मोह होतो. देणगी अंतराला नव्हे, कामाला आहे असे जाहीर केले की हा दबाव जातो. राइडनंतर पंधरा दिवसांत जमा आणि खर्च ग्रुपवर टाकावा, संस्थेच्या पावतीसह.

मोठ्या गटाने जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय आणि वाटेतील पोलीस ठाण्यांना तारीख, मार्ग आणि संख्या लेखी कळवावी. 'शर्यत' हा शब्द फलकावरही नको. शर्यत म्हटले की परवानगी आणि विम्याचे नियम बदलतात आणि नवख्यांचा वेगही.

आदल्या रात्री एवढे तपासा

* टायरची हवा, दोन्ही ब्रेक, चाकांचे लॉक, दिव्यांचे चार्जिंग
* बाटल्या भरलेल्या, खाऊ खिशात, ओआरएस वेगळे
* हवामान आणि वाऱ्याची दिशा
* तुकडीप्रमुख आणि मदतवाहन चालकाचा क्रमांक
* संस्थेचे खाते आणि क्यूआर कोडवरील नाव पुन्हा एकदा

एवढे झाले की लवकर झोपावे. सकाळी साडेसहाला जेवढे तयार आहेत, त्यांच्यासह निघावे.